बावीसशे मीटर उंचावरची वाईन

लवू धुरी अंधेरीच्या एमआयडीसीत परदेशी वाईनच्या गोदामात कामाला होते. काम एकच. जहाजातून आलेल्या प्रत्येक बाटलीच्या पाठीवर इथल्या कंपनीचा पत्ता आणि आरोग्याचा इशारा छापलेलं लेबल चिकटवायचं. एकोणीस वर्षं त्यांनी तेच केलं. दाढेत तंबाखूची चिमूट आणि हात चालू. लेबल केसभर वाकडं गेलं तरी नखाने सोडवून पुन्हा लावायचे. मालाला तोंड लावायचं नाही, हा त्यांचा नियम. बाटली फुटली की बाकीचे बोटं बुडवून चाखायचे, लवूभाऊ मात्र झाडू आणायला जायचे. त्यामुळे लाखो बाटल्या हाताखालून गेल्या, पण त्या सगळ्या बंद.

घाटकोपरला आमच्याच मजल्यावर शेवटची खोली त्यांची. त्यांची एक आवडती वाईन होती. लांबच्या कुठल्याशा डोंगरावरची, लाल, लेबलावर बर्फाचं शिखर आणि खाली लिहिलेलं, बावीसशे मीटर. त्यांनी साहेबांना विचारून घेतलं होतं, आणि मग ते पाणी भरताना भेटेल त्याला सांगायचे, की ते मळे आपल्या कळसूबाईहूनही पाच-सहाशे मीटर वर आहेत. दिवसा ऊन एवढं कडक की द्राक्षांची सालं जाड होतात, आणि रात्री अशी थंडी की रसाचा आंबटगोडपणा जागच्या जागी राहतो. म्हणून तिचा रंग असा, जांभळाच्या डागासारखा. नलिनीवहिनी दारातून टोमणा मारायच्या, "चाखली नाय कधी, नि सांगतत असे जसे काय मळे ह्यांचेच."

मागच्या दिवाळीच्या आधी त्यांच्या जिभेखाली फोड आला तो बरा होईना. तपासलं तर व्हायचं तेच निघालं. तेहतीस वेळा रेडिएशनचे शेक दिले. गुढीपाडव्याच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, गाठ विरघळली आहे. घरात पेढे आले. लवूभाऊंनी एक तोंडात टाकला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांना काहीच लागलं नाही.

चव जाते, डॉक्टर म्हणाले. तीन महिन्यांत येते, कुणाला सहा लागतात, कुणाची आली तरी उलटीसुलटी येते. तोवर वजन राखा, नाहीतर पोटात नळी घालावी लागेल. नळीला लवूभाऊ तयार नव्हते. वहिनी रोज काही ना काही करायच्या. पेज, बांगड्याचं तिखलं, आगळ जास्त घातलेली सोलकढी. प्रत्येकाला त्यांचं एकच उत्तर, पाणी. शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. "चव येऊ दे, मगे जेवतंय," म्हणायचे. वहिनींचं सगळं जगणं त्या चवीपाशी येऊन थांबलं होतं.

आषाढाच्या शेवटच्या दिवशी गोदामातला धोंडू भेटायला आला. शेटनी त्याच डोंगरावरच्या वाईनची बाटली पाठवली होती. धोंडूने ऑफिसातला पेच आणून बूच काढलं. लवूभाऊंनी स्टीलच्या फुलपात्रातून एक घोट घेतला. पाणी. ते हसले, म्हणाले, आत्ता फुकट घालवायची नाही. उद्यापासून श्रावण, घरात गणपती. गौरी-गणपती गेले की जीभ आलेली असेल, तेव्हा पिऊ. वाईन जेवढी जुनी तेवढी चांगली, हे त्यांना आणि धोंडूला, दोघांनाही पाठ होतं. बूच दाबून बसवलं, वर प्लास्टिक, त्यावर रबरबँड, आणि बाटली ओट्यावरच्या फळीवर. श्रावणात वहिनी तिला हात लावीनात. फळी पुसताना फडक्यात धरून बाजूला करायच्या, तोंड फिरवून.

सवा महिना त्यांनी त्या बाटलीकडे बघत काढला. अधूनमधून मला म्हणायचे, एवढ्या उंचावरून आलीय, तिची चव लागली नाही तर मग कशाचीच लागणार नाही. मी हसून सोडून द्यायचे. आपलं काय जातं म्हणायला, पण ते खरंच तसं मानून बसले आहेत हे मला तेव्हा कळलं नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी कोलंबी तळायला घेतली. घरभर तेलाचा, मसाल्याचा वास. तव्याशी उभ्या राहूनच त्यांनी बाटली काढून दिली. लवूभाऊंनी स्वतः ओतली, घोट घेतला आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"आंबाट," ते म्हणाले. "एवढी चांगली वस्तू, नि माका आंबाट लागता. जीभ उलटी इली माजी."

वहिनींनी कोलंबी पुढे केली. त्यांनी ताट सरकवलं. त्यानंतर त्यांनी कशाची चव घेऊन पाहिली नाही. पेज दिली तर औषधासारखी दोन घोट गिळायचे. नळीचा विषय निघाला की भिंतीकडे वळायचे. कोजागिरीच्या आदल्या दिवशी गेले. छातीत कफ झाला होता आणि तो काढायची ताकद अंगात उरली नव्हती.

तेरावं झाल्यावर वहिनींनी फळी साफ करायला घेतली. थोड्या वेळाने बाटली घेऊन माझ्या दारात आल्या, बूच काढलेलं. माझ्या नाकापाशी धरली. मला झणका आला, लोणच्याच्या शिरक्यासारखा.

वहिनींचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, वडील माडी काढायचे. सकाळी उतरवलेली माडी दुपारी कशी होते आणि चार दिवसांनी तिचा शिरका कसा होतो, हे त्या चालायला लागल्यापासून बघत आल्या होत्या. तो वास त्यांना झोपेतही ओळखता आला असता. एकदा, एकदाच बाटली नाकाशी नेली असती तर.

मी त्यांना आत बसवलं. बाटली त्यांनी सोडली नाही.

"आंबाटच होती गो ती," त्या म्हणाल्या. "तेंका बरोबर कळला होता."