अक्कांनी नाकारलेली सही

"सगळं ठीक आहे," असं कुणी म्हटलं की अक्कांचा पारा चढायचा. "कुणाला विचारून ठीक?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. हेब्बाळच्या आमच्या टेस्ट लॅबमधल्या त्या सगळ्यांत जुन्या इंजिनिअर. घर बनशंकरीला, तीन पिढ्यांपासूनचं. त्यामुळे मराठी बोलता बोलता "थोडं"ऐवजी कानडी शब्द घालून "स्वल्प थांब गं" म्हणायच्या, आणि नागपूरहून नुकतीच आलेली मी गोंधळून थांबायचे.

आमची उपकरणं कॉम्प्युटरवरून चालतात. आज्ञा पाठवली की आकडा येतो. पण उपकरणाच्या पोटात स्टेटस रजिस्टरही असतं. आतून तापलोय, आज्ञा कळली नाही, आकड्याची खात्री नाही, अशा प्रत्येक तक्रारीची त्यात एक खूण उठते. विचारल्याशिवाय ते सांगत नाही, आणि एकदा वाचली की खूण पुसली जाते. बहुतेक जण आकडा घेऊन मोकळे होतात. अक्का दर आकड्यामागे रजिस्टर विचारायला लावायच्या. "आकडा काय, मागितला की मिळतो. खरा आहे का, ते वेगळं विचारावं लागतं."

त्या वर्षी नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्रांची इलेक्ट्रॉनिक कार्डं आमच्याकडे तपासायला आली. एका दुपारी अक्कांनी तपासणीत कार्डांना वीज देणाऱ्या पॉवर सप्लायचं रजिस्टर वाचलं, तर व्होल्टेज भरवशाचं नसल्याची खूण. त्यांनी लॅबच्या साहेबांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा विचारलं. उत्तर आलं, शून्य. पहिल्या वाचनातच खूण पुसली गेली होती, हे शाळकरी पोरालाही समजावं. साहेब सगळ्यांदेखत हसले. "अक्का, चश्मा बदल लीजिए."

आम्हीही हसलो. आजही तो आवाज आठवला की स्वतःची चीड येते.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी प्रत्येक उत्तर मिळताक्षणी वेळेसकट छापलं जाईल अशी सोय केली. दुपारी सप्लाय तापला की खूण उठायची. तीनदा उठली. तो कागद घेऊन त्या साहेबांकडे गेल्या.

"सप्लाय खराब आहे, कार्डं नाहीत. जाऊ द्या," साहेब म्हणाले.

"कार्डं चांगली आहेत हे कशावर तपासलं? ह्याच सप्लायवर ना? परत तपासायला हवीत."

"शुक्रवारी माल जायचाय."

"मग माझ्या सहीशिवाय जाईल."

तो गेलाही. प्रोग्रॅममधून रजिस्टर विचारणाऱ्या ओळी मी काढल्या, साहेबांनी सांगितलं म्हणून. प्रमाणपत्रावर सहीही मीच केली. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. अक्का शेजारच्याच टेबलावर होत्या.

यंत्रं हॉस्पिटलात पोचण्याआधी ग्राहकाने पुन्हा तपासणी केली म्हणून निभावलं. सदोष निघालेली कार्डं परत आली, आणि ठपका कुणावर? अक्कांवर! वरिष्ठ असून देखरेख केली नाही म्हणे. ज्या बाईने एकटीने अडवलं, तिच्या फाइलीत पत्र घातलं आणि तिला कागद लावायला स्टोअरमध्ये बसवलं. महिन्याभरात अक्कांनी राजीनामा दिला. निरोपाला केकसुद्धा आणला नाही कुणी.

मी बनशंकरीला त्यांच्या घरी गेले. कॉफीचा पेला हातात घेऊन सगळं कबूल केलं, रडलेही. वाटलं, "असू दे गं" म्हणतील. त्या म्हणाल्या, "तू सही केलीस ते कळलं मला. पण मी काय पाहिलं, हे एकदा तरी विचारलंस? आणि हे मला का सांगतेस? माझ्या फाइलीत लिहिलंय, तिथे जाऊन सांग."

सोमवारी मी साहेबांच्याही वरच्यांना मेल केली. ओळी कुणी काढल्या, कुणाच्या सांगण्यावरून, सही कुणाची, सगळं नावानिशी, आणि सोबत अक्कांच्या त्या कागदाची प्रत. माझी नोकरी पक्की व्हायची ती लांबली. साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर. तीन महिन्यांनी ठपका मागे घेतल्याचं पत्र निघालं. ते अक्कांना पाठवायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. शेवटी प्रत मीच घेऊन गेले.

अक्कांनी ती दारातच, उभ्यानेच वाचली. उलटून मागची बाजू पाहिली.

"सही कुठाय?"

"कॉम्प्युटरने काढलेलं पत्र आहे अक्का. सहीची गरज नाही, असं खाली लिहिलंय."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"घेऊन जा. सही करून द्या म्हणावं."