तिरप्या स्टुलाचे पाय

खोटं कशाला बोला? टॉर्चमावशींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाई चक्कर येऊन पडल्यात, असंच वाटलं होतं. लिलावघराचा हॉल, विक्रीचा आदला दिवस, लोक वस्तू बघत हिंडतायत, आणि एका जेवणाच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. "पाणी आणा, पाणी!" अशी बोंब उठली आणि बाटली घेऊन धावणाऱ्यांत अस्मादिक सगळ्यांत पुढे. अर्धी बाटली शिंपडून झाली तेव्हा टेबलाखालून आवाज आला, "पॉलिशवर पाणी कोण टाकतंय रे मेल्यांनो? माझ्या तोंडावर टाका हवं तर, लाकडावर नको!"

आठवलं की अजून हसू येतं. बाई शुद्धीत होत्या. तिथल्या सगळ्यांपेक्षा जरा जास्तच.

टॉर्च घेऊन वस्तूखाली शिरायचं ही त्यांची जुनी खोड. "वरून काय, मुलगी बघायला आल्यावर सगळेच हसतात. खालून बघा, मग कळतं घर कसं आहे ते," असं म्हणायच्या. चाळीस वर्षं त्यांनी एका वर्कशॉपमध्ये खुर्च्यांच्या गाद्या शिवल्या. अठराव्या वर्षी थोरल्या बहिणीचं बोट धरून कामाला लागल्या. ताई कापड कापायची, ह्या शिवायच्या. पहिलंच मोठं काम आलं ते वाचनालयाचं. बारा आरामखुर्च्या आणि प्रत्येकीबरोबर पाय ठेवायचं एक स्टूल. कुठे फूल नाही, पान नाही, नक्षी नाही. नुसती बारीक, वाकलेली लाकडी रेघ. तेव्हा लोक म्हणाले, सुताराने लाकूड वाचवलं. आता त्याच खुर्च्यांपुढे दोरी बांधतात आणि 'हात लावू नये' अशी पाटी ठेवतात.

त्या बारा गाद्या मावशींनी शिवल्या, पण बसल्या एकीवरही नाहीत. वर्कशॉपचा नियमच होता: गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बूड टेकायचं नाही. बसायला मिळायचा फळीचा बाक. लग्न झालं, नवरा गेला, निवृत्त झाल्या तसा तोही सुटला, आणि घरी बसायला काय? पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची. तिचाही एक हात तडकलेला.

मग वाचनालयाने जुनं फर्निचर काढलं. दोन लिलावांत अकरा जोड्या गेल्या. दोन्ही वेळा मावशी बोली लावायला गेल्या आणि दोन्ही वेळा एका दाढीवाल्या व्यापाऱ्याने त्यांना खाली बसवलं. आता उरली शेवटची जोडी. ही गेली की विषय संपला.

त्या दिवशी ओलं तोंड पदराने पुसत मावशी त्या जोडीपाशी गेल्या आणि थबकल्या. खुर्ची वर्गात बाकावर उभी केल्यासारखी ताठ. बसणारा दोन मिनिटांत पुढे घसरणार. कॅटलॉगमध्ये लिहिलेलं: 'पाय नंतर बदललेले, बसण्यास गैरसोयीची.' आणि शेजारचं स्टूल एका बाजूला कललेलं. त्याच्यापुढे लिहिलेलं: 'तिरप्या रचनेचा दुर्मीळ नमुना.' दोन्ही वस्तू वेगवेगळ्या विकायला लावलेल्या.

मावशींनी बसकण मारली, टॉर्च लावला आणि स्टुलाच्या पायांना बोटं लावून मोजलं. दोन पाय दोन बोटं उंच, दोन बुटके. त्या मनाशीच म्हणाल्या, "अरे देवा, हे तर खुर्चीचे पाय!"

झालं होतं असं, की हे पाय आट्यांचे, पिळून काढता येणारे. आणताना हमालांनी आठही काढून एका पोत्यात भरले आणि इथे हाताला लागेल तसे बसवले. खुर्चीला पुढचे पाय उंच लागतात, म्हणजे माणूस मागे रेलतो. ते गेले स्टुलाला. स्टुलाचे चार सारखे पाय आले खुर्चीला. आणि लिलावघराच्या साहेबांनी कॅटलॉगमध्ये त्याच्यावर निबंध लिहिला.

मावशी सरळ साहेबांच्या टेबलाशी गेल्या. "साहेब, पायांची अदलाबदल झालीय. पिळून परत बसवा, दहा मिनिटांचं काम आहे."

"मावशी, तज्ज्ञांनी तपासलंय."

"तज्ज्ञ खाली वाकले होते का?"

"कॅटलॉग छापून झालाय आता."

दाढीवाला शेजारीच उभा होता. तो हसला. "मावशी, तिरपं स्टूल कुणाला नको असतं! ते मी नेणार. खुर्ची घ्या तुम्ही, खुशाल."

म्हणजे पंचाईत बघा. आधी स्टूल विकलं जाणार, मग खुर्ची. स्टूल दाढीवाल्याकडे गेलं, तर खुर्चीचे पायही गेले. मावशी घरी आल्या, पासबुक काढलं, परत ठेवलं आणि ताईला फोन केला. "उद्या माझ्याबरोबर ये. आणि मधे बोलायचं नाही."

ताई आली. मधे बोलली. ती ताई होती, गप्प कशी बसेल?

स्टूल पुकारलं तशी मावशींनी नंबराची पाटी वर केली. दाढीवाल्याने केली. मावशींनी पाटी खाली घेतलीच नाही. तो बोली वाढवायचा, पुकारणारा मावशींकडे बघायचा, आणि पाटी आपली वरच, दांडीवर वाळत घातलेल्या टॉवेलसारखी.

"अगं धाकटे," ताई कुजबुजली, म्हणजे तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, "पाय ठेवायच्या वस्तूला एवढे? एवढ्यात तर नवे पाय बसवून मिळतील तुझ्या गुडघ्यांना!"

"ताई, गप."

"खुर्चीला काय उरणार मग?"

"उरेल तेवढं उरेल."

हात भरून आला. दाढीवाल्याने मागे वळून बघितलं, पाटीकडे बघितलं, पाटीखालच्या बाईकडे बघितलं. ही बाई संध्याकाळपर्यंत हात खाली घेणार नाही, हे त्याला कळलं असावं. त्याने मान हलवली. हातोडा पडला.

मग खुर्ची आली. 'बसण्यास गैरसोयीची.' हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मावशींनी पाटी वर केली, या वेळी डाव्या हाताने, कारण उजवा उठेना. पहिल्याच बोलीला खुर्ची त्यांची.

टेंपोतून दोन्ही वस्तू घरी आल्या. मावशींनी त्या उलट्या केल्या, आठही पाय काढले. प्रत्येक पायाच्या डोक्यावर सुताराचा पेन्सिलीचा आकडा, बैठकीच्या तळाला भोकापाशी तोच आकडा. एकाशी एक, दोनाशी दोन. फिरवले, बसले. खुर्ची अशी मागे रेलली, जणू इतके दिवस श्वास रोखून उभी होती.

"बस आता," ताई म्हणाली.

"थांब. आधी गादी उलटी करते."

"आता काय राहिलं?"

"तू चाळीस वर्षं म्हणतेस हे कापड हिरवं होतं. मी म्हणते हळदी."

"हिरवंच होतं! मी कापलंय ते, मला विचार." ताईने गादीवर बोट ठेवलं. कापड उन्हाने विटून कसल्याशा शेवाळी रंगावर आलं होतं. "हे बघ. दिसतंय की नाही?"

मावशींनी चष्मा लावला, गादीच्या कडेची शिवण दोन टाके उसवली आणि आतली दुमड उघडून धरली. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. आत पिवळंधमक, हळदीच्या बोटासारखं.

ताईने दुमड बोटाने चोळून बघितली. "आतून वेगळं असेल."

"ताई."

"शिवणाऱ्याला काय कळतं रंगातलं?"

"ताई, हरलीस. चहा टाक."

मावशी खुर्चीत बसल्या, मागे रेलल्या, पाय उचलून स्टुलावर ठेवले. ताई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "एवढ्या महागाच्या वस्तूवर पाय ठेवतात होय?"

"पायांसाठीच तर घेतलं," मावशी म्हणाल्या. "साखर कमी घाल."