वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह

आमच्या पंपघरातल्या चावीवाल्याला सगळे काका म्हणत. मी पंप चालवायचो आणि ते कमरेइतक्या उंच लोखंडी चावीनं रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवायचे. एकवीस वर्षं आम्ही एकाच बाकावर बसून डबा खाल्ला. मोठा काटेकोर माणूस. एक फेरा कमी-जास्त झाला तर त्यांना घास उतरायचा नाही.

वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह चौदा फेऱ्यांचा. एक दिवस साहेबांचा हुकूम आला, तिकडे सहाच फेरे द्या, बाकीचं पाणी खाली कारखान्याकडे वळवा. काकांनी कुरकुर केली आणि हुकूम पाळला. मीही मूग गिळून पंपावर बसलो, तेव्हा मी कुणाला शहाणपण शिकवू नये. वरची माणसं आधी अर्ज घेऊन आली, मग रिकाम्या बादल्या घेऊन, मग दगड. पाचव्या वर्षी बंदुका आल्या. खालच्यांनी, म्हणजे आमच्यांनीही, आणल्याच. रेडिओवर मोठी माणसं या भांडणाची कारणं सांगू लागली की काका रेडिओ बंद करायचे. "आठ फेरे," म्हणायचे, "याच हातांनी."

त्यात त्यांची एकुलती लेक वरच्या वस्तीत दिलेली, बंदुका यायच्या आधीच. तिला तीन महिन्यांचं बाळ. मधला पूल बंद, त्यामुळे काकांनी नातू अजून पाहिलाही नव्हता.

त्या सकाळी आमच्या बाजूचे दोघे बंदूकवाले पंपघरात घुसले. "वरचं पाणी पार बंद कर, म्हाताऱ्या. आमच्यासमोर."

काका चावी घेऊन दारापुढच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी गेले आणि उजवीकडे फिरवू लागले. तो जुना व्हॉल्व्ह उलटा होता, उजवीकडे फिरवला की उघडायचा. हे आम्हा दोघांनाच ठाऊक. सहाचे चौदा झाले. पाइपात घरघर वाढली.

"हा आवाज कसला?" एकानं विचारलं.

"जाता जाता बोंबलतंय," काका म्हणाले.

तो खो-खो हसला.

ते गेले, तरी आमच्या जिवाला चैन नव्हतं. त्यांना कुठून कळलं तर? काका बाकावर बसत, उठत, पुसलेली चावी पुन्हा पुसत. मी चारदा दाराबाहेर डोकावून आलो. फोन दुपारी तासभरच चालायचे. लेकीचा फोन आला तसा त्यांनी घाईघाईनं स्पीकर लावला. त्यांना कानानं जरा कमीच ऐकू यायचं.

"आलं का गं पाणी?"

"आलं बाबा, धो धो! लग्न होऊन आल्यापासून असं पाणी पाहिलं नव्हतं."

काकांचे डोळे भरून आले. "मग सगळं भरून ठेव. बाळाला आंघोळ घाल."

"भरलं होतं. ओतून दिलं. सगळ्या गल्लीनं ओतलं. पंपघर खालच्या बंदूकवाल्यांनी घेतलंय म्हणे. ते आम्हाला आपणहून पाणी देतील? काहीतरी मिसळलं असणार."

"अगं वेडे, मी सोडलंय! माझ्या हातांनी. बिनधास्त पी."

पलीकडे बाळ रडत होतं.

"बाबा," मग ती अगदी हळू म्हणाली, "आत्ता तुमच्याजवळ कोण उभं आहे?"

"कुणी नाही गं. म्हणजे... आपला पंपवालाच आहे."

"पोरी, मीच आहे," म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर तिनं फोन ठेवला होता.