आईचं स्वस्तिक

सौंसरच्या आमच्या कापसाच्या जिनिंगवर सोलर बसलं, तेव्हा आईनं प्रत्येक प्लेटेच्या मागं लाल ऑइलपेंटनं स्वस्तिक काढलं होतं. बसवणारा मिस्त्री पुढं घरचाच झाला. दसऱ्याला सोनं द्यायला न चुकता यायचा. यंदा तोच म्हणाला, "भाऊ, ह्या प्लेटा आता काहीच करून नाही राहिल्या. नव्या लावू." मी डोळे झाकून हो म्हटलं. जुन्या त्यानंच भंगारात नेल्या.

परवा त्याच्या आजारी वडिलांना पाहायला तिगावला गेलो. स्लॅबवर प्लेटांची रांग होती आणि प्रत्येकीच्या मागं आईचं स्वस्तिक. हरामखोरानं ते पुसायचेही कष्ट घेतले नव्हते.

"पोरानं लावल्या," म्हातारा कौतुकानं म्हणाला. "मस्त काम करून राहिल्या, भाऊ!"