तुलनेची बरणी

सोमवार, लातूर. हजर: मी, शिपाई दौलतमामा आणि दाराजवळच्या बाकावर मन्मथ. गैरहजर: डॉक्टरबाई.

"बाई, आज ऊन लई हाय," मामा म्हणायचे.

"कशाच्या मानानं?" बाई मान वर न करता विचारायच्या. चहा गोड झाला म्हणा, जिल्हा झाल्यापासून गाव सुधारलं म्हणा, उत्तर तेच. तुम्हीही त्यांच्यासमोर जरा जपूनच बोलला असता.

आमच्या प्रयोगशाळेचं काम मेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडात शिसं किती साठलंय ते मोजायचं. धातूचा कण मिसळला तर आकडा चुकतो, म्हणून धातूची सुरी चालत नाही, काचेची लागते. बाई आत येणाऱ्या प्रत्येकाला अंगठ्या-पाटल्या काढायला लावत.

"माझा दात सोन्याचा हाय. तो बी काढू का?" मामांनी एकदा विचारलं.

"तोंड मिटून ठेवा. पुरे."

बरण्या धुवायला शुद्ध पाणी लागतं, आणि ते तयार करणारं यंत्र थंड ठेवायला आणखी पाणी. दुष्काळात नळ कोरडे. बाई घरच्या टँकरच्या पाण्यातली घागर रिक्षातून आणायच्या. यंत्रातून सुटलेलं कोमट पाणी मामा भांडी घासायला घरी न्यायचे.

मन्मथचा थोरला भाऊ जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या भट्टीवर होता. तो गेला. मन्मथनं तपासणीला मूत्रपिंडाचा तुकडा दिला, भावाला माती दिली आणि त्याच भट्टीवर कामाला लागला.

"सोड ते काम," बाई म्हणाल्या.

"सोडून खाऊ काय? रानात नुसती ढेकळं हाईत. भावाला शिशानंच खाल्लं असं पक्कं सांगा, आजच सोडतो."

भावाचा आकडा आला. मला मोठा वाटला. बाई म्हणाल्या, "कशाच्या मानानं?" याच गावचं पाणी प्यालेला, पण भट्टीपासून लांब राहिलेला माणूस तुलनेला हवा होता. अशा मृतांचे नातेवाईक नको म्हणत. बाई त्यांना हात जोडून परत येत.

गेल्या महिन्यात बाई झोपेतच गेल्या. हृदय बंद पडलं. सकाळी त्यांचे यजमान इथं आले. "तिनं सांगून ठेवलंय," ते म्हणाले, "तुलनेला तिचं घ्या."

संध्याकाळी बरणी आली. चिठ्ठीवर मी नाव घातलं नाही. 'तुलना' एवढंच लिहिलं.

"ताई, भावाचं ठरलं का?" मन्मथनं आज विचारलं.

"अजून नाही."

"मग जाऊन येतो कामावर."

तो गेला. नळाला पाणी आलंय. तुकडा विरघळवायचं आम्ल आहे. काचेची सुरी धुतली. पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. बरणी उघडायची राहिली आहे.