मार्चअखेरची जाळरेषा

आमचा डोंगर दरवर्षी पेटतो आणि दरवर्षी गावाला त्याचं नव्यानं नवल वाटतं. बीडहून पालीकडं यावं, बिंदुसरेचं धरण मागं टाकावं, की समोर जी पिवळी रांग दिसते ती आमची. वर कुसळीचं गवत, उतारावर सीताफळं, अधूनमधून तरवड. कुणी शेताचा बांध पेटवून चहाला घरी जातो, कुणी बिडी टाकतो. काही शहाण्यांचं म्हणणं असं, की जुनं गवत जाळलं म्हणजे नवं जोमानं फुटतं. हेच शहाणे स्वतःच्या कडब्याच्या गंजीजवळ कुणाला काडी ओढू देत नाहीत.

पेटलेला डोंगर विझवायला गावात माणूस नसतो, ही खरी अडचण. दिवाळीच्या आसपास हातीपायी धड असलेला जो तो ऊसतोडीला निघतो आणि कारखाने बंद झाल्यावरच परततो. उसाचे महिने आणि वणव्याचे महिने जवळजवळ एकच. मीही लग्न झाल्यापासून दर हंगामाला जात होते. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, म्हणजे मी एकटी अर्धा कोयता. बारावी पास झालेला अर्धा कोयता. हे मी एकदा हसत हसत मुकादमाला ऐकवलं तर तो म्हणाला, "मग काय उसाला विंग्रजी शिकवती का?"

आमचं घर बांधून झालं होतं, पण त्या घरात मी एकही संक्रांत केली नव्हती. संक्रांत कायम उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीच्या दारात. शेजारच्या कोपीतल्या बाईला मी कुंकू लावायचं, तिनं मला लावायचं, की दोघी पुन्हा मोळ्या बांधायला मोकळ्या. मला माझ्या दाराला तोरण बांधून, माझ्या ओसरीवर सतरंजी टाकून चार बायका बसवायच्या होत्या. हौस म्हणा, हट्ट म्हणा, पण मला ते फार हवं होतं.

त्या साली दसऱ्याच्या आधी आमच्या डोंगराला नवीन गार्ड आली. वनरक्षक हा शब्द आमच्या तोंडी बसत नाही, आम्ही गार्ड मॅडमच म्हणायचो. माझ्याहून लहान, स्कूटीवर यायची, मला ताई म्हणायची. मारुतीच्या पारापाशी तिनं माणसं गोळा केली आणि सांगितलं, की यंदा आग विझवायची टोळी गावातलीच करायची आहे. हिवाळ्यात जाळरेषेचं काम, उन्हाळ्यात डोंगराची राखण, मजुरी थेट बँकेत. मी सगळ्यांसमोर विचारलं, "दरसाली का?" ती म्हणाली, "दरसाली, ताई." ती खोटं बोलत नव्हती. तिलाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं.

घरी मात्र वाजलं.

"आन् मुकादमाची उचल कावून सोडायची?" नवरा म्हणाला. "तो काय आपली वाट बघत बसतो का?"

"एक साल बघू की. जमलं तर दरसाली घरी राहता येईल."

"डोंगराच्या भरवशावर?"

"आवं, उसाच्या भरवशावर राहून बघितलं न्हाई का इतकी सालं?"

त्यानं कोपऱ्यातला कोयता उचलून माळ्यावर टाकला. मग म्हणाला, "बघ बाई. तुझ्या मनासारखं होऊ दे." हंगामाआधीची ती आगाऊ उचल घेतली नाही. मुकादम दुसरा कोयता बघून निघून गेला. गाव रिकामं झालं तेव्हा आम्ही दोघं, आणखी तीन जोड्या आणि पिढ्यान्‌पिढ्या सीताफळांवर गुजराण करणाऱ्या दोघी बहिणी, एवढे टोळीसाठी मागं राहिलो. या बहिणी दोघीही विधवा. डोंगरावरची सीताफळं वेचून पाट्या भरायच्या आणि बीडच्या स्टँडवर विकायच्या. ऊसतोडीला त्या कधीच गेल्या नव्हत्या, त्यामुळं गावात त्यांचा थोडा तोराही होता.

माझी संक्रांत झाली. वाण म्हणून मी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. बायका कमी, गाळण्याच जास्त झाल्या. शेजारच्या मेकॅनिकची बीबी आली, कुंकू नको म्हणाली, तीळगूळ घेतला आणि गाळणीही घेतली. दोघी बहिणी आल्या, त्यांना मी मुद्दाम सतरंजीच्या मधोमध बसवलं. त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की नवरा म्हणाला, "काय गं, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, लागली.

पण काम सुरू झालं नव्हतं.

जाळरेषा म्हणजे काय ते सांगते. डोंगराच्या अंगावर गवताचा एक रुंद पट्टा आपणच कापायचा, वाळू द्यायचा आणि थंडी असतानाच सकाळी सकाळी जाळून टाकायचा. आजूबाजूच्या गवतात तेव्हा ओल असते, दंव असतं, त्यामुळं आग पट्ट्याबाहेर जात नाही. मग उन्हाळ्यात कुठूनही वणवा आला तरी त्या काळ्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही मिळत नाही आणि तो मरतो. सगळा खेळ वेळेचा. संक्रांत ते शिवरात्र, फार तर.

आणि मंजुरी येईना. मी मॅडमना फोन करायचे, त्या त्यांच्या साहेबांना करायच्या, साहेब आणखी वर करत असतील. "मंजुरीशिवाय हात लावायचा नाही, ताई," त्या म्हणायच्या. "मागच्या ठिकाणी मी आधी काम करून घेतलं आणि पैसे आलेच नाहीत. माणसं माझ्या दारात येऊन बसली. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही." त्यांचं खरंच होतं. आम्ही दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढायला जाऊ लागलो. दंव संपलं. शिवरात्र झाली. होळी झाली. नवरा सकाळी डोंगराकडं बघायचा आणि म्हणायचा, "तुझं वाण लई म्हागात पडलं गं." चिडून नाही म्हणायचा, पण मला लागायचं.

मार्च संपत आला तेव्हा मॅडमचा फोन आला. निधी आला होता. आणि एकतीस तारखेच्या आत काम झालं नाही तर परत जाणार होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही डोंगराच्या पायथ्याशी जमलो. गवत इतकं वाळलेलं, की पाय टाकला की चुरचुर वाजायचं. या दिवसांत जाळरेषा पेटवणं म्हणजे वणव्याला आवतण देणं, हे सांगायला कुणी पंडित लागत नव्हता. मॅडमनाही ते कळत होतं. त्या म्हणाल्या, "मी वर सांगितलंय की आता धोका आहे. ते म्हणतात, ठीक आहे, मग पैसे परत पाठवा. तुम्ही सांगाल तसं करू."

आम्ही सगळे हिवाळाभर याच कामाच्या नावानं थांबलो होतो. मग धाकटी बहीण म्हणाली, "वारं न्हाई सध्या. ऊन व्हायच्या आत उरकू." माझा नवरा म्हणाला, "उरकू." मीही म्हटलं. साहेबानं हुकूम केला नाही, मॅडमनी केला नाही. पेटवू असं आम्हीच म्हणालो, आणि आम्हालाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

पहिला टप्पा छान जळला. हातात लिंबाचे हिरवे डहाळे घेऊन आम्ही दोन्ही कडांना उभे, कुठं जीभ बाहेर आली की झोडपायचं. दुसरा टप्पाही गेला. थोरली बहीण गाणं म्हणायला लागली. खिंडीपाशी पोचलो आणि एक वावटळ उठली. लहानशीच, अंगणात उठते तेवढी. तिनं जळकं गवत उचललं आणि पट्ट्याच्या पलीकडं नेऊन टाकलं.

मी आधीही वणवे पाहिले होते, पण लांबून. जवळून त्याचा आवाज येतो हे मला ठाऊक नव्हतं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. आम्ही पळत गेलो, झोडपत राहिलो, एकीकडं विझवावं तर दुसरीकडं धरायचं. मॅडमकडं पाला उडवायचं एक मशीन होतं, त्यातलं पेट्रोल त्यांच्याच पदरचं, तेही संपलं. माझ्या चपलेचा तळ वितळला. नवऱ्याचा उजवा तळहात भाजला, तरी त्यानं डहाळा डाव्या हातात घेतला. कुणीतरी बीडला फोन लावला होता. बंबाची गाडी आली, पण धरणाच्या रस्त्यापर्यंतच. डोंगर चढून जाणारी गाडी अजून कुणी काढलेली नाही. ती माणसं खालून वर बघत होती, आम्ही वरून खाली. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी म्हणतात ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष?

तिसऱ्या प्रहरी आग वरच्या कातळाला लागली आणि आपोआप मेली. आम्ही विझवली असं मला म्हणवत नाही. तोवर सीताफळांचा सगळा उतार जळून गेला होता. दोघी बहिणी एका दगडावर बसल्या होत्या. धाकटी नुसतीच म्हणत होती, "मीच म्हनले वारं न्हाई. मीच म्हनले." थोरलीनं तिचा हात धरला होता.

चार दिवसांनी एक साहेब आले. आग जाळरेषेतून गेली असं कागदावर आलं असतं तर काम फसलं धरून त्याचे पैसे मिळाले नसते आणि मॅडमवर चौकशी बसली असती. साहेबांनी विचारलं, आग कुणी लावली? कुणी पाहिलं? आम्ही सगळे गप्प. अज्ञात इसमानं लावली असं ठरलं. पुढं कितीतरी दिवस नवरा जेवायला बसताना भाजका हात वर करून म्हणायचा, "अज्ञात इसम हजर हाय, वाढा." आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

जाळरेषेची मजुरी बँकेत जमा झाली, ते कबूल करायला हवं. पण वणवा विझवला त्या दिवसाची झाली नाही. तो खर्च वेगळ्या कामात बसतो आणि त्या कामाला मंजुरी नव्हती. उन्हाळ्याच्या राखणीलाही नव्हती. मॅडम सांगायला घरी आल्या आणि ओसरीवर बसून रडल्या. मी त्यांना चहा दिला. मला त्यांची कीव आली आणि माझीही आली.

त्या साली डोंगरावर सीताफळ धरलं नाही. दसऱ्याला मुकादम आला तेव्हा नवऱ्यानं माझ्याकडं न बघता उचल घेतली आणि मी भांडी बांधायला घेतली. ट्रकमध्ये चढताना पाहिलं तर दोघी बहिणीही आपलं गाठोडं घेऊन बसलेल्या. थोरलीनं मला जागा करून दिली.

जानेवारीत, कर्नाटकाकडच्या एका फडात आम्ही दुपारची भाकरी खात होतो, तेव्हा मॅडमचा फोन आला. आवाज इतका आनंदाचा, की मला वाटलं यांचं लग्न जमलं.

"ताई, यंदा निधी वेळेवर आला! राखणीचासुद्धा आलाय. दंव पडतंय अजून. उद्यापासून जाळरेषा धरू. तुम्ही दोघं आणि त्या दोघी."

"मॅडम, आमी फडात हाव."

"आणि त्या?"

"त्या पन हितंच हायत. माझ्या शेजारी."

मॅडम म्हणाल्या, "मग गावात कोण आहे?"

मी आठवून पाहिलं. टोळीतल्या तीन जोड्याही दुसऱ्या फडांवर गेल्या होत्या. बाजेवरची म्हातारी माणसं होती. नवऱ्यानं सगळं ऐकलं होतं. उचल अंगावर असताना फड सोडून जाता येत नाही हे त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. चेष्टा न करता, हळूच म्हणाला, "तिला म्हनावं, पैसं पुढच्या सालासाठी ठेव."

मी तसंच सांगितलं.

"ठेवता येत नाहीत, ताई," मॅडम म्हणाल्या. "मार्चला परत जातात."

फोन ठेवल्यावर मला कुणाचाच राग आला नाही. मॅडमचा नाही, नवऱ्याचा नाही, मुकादमाचासुद्धा नाही. वाईट एवढंच वाटलं, की पहिल्यांदाच पैसे वेळेवर आले होते आणि आम्ही घरी नव्हतो.