हळदीच्या गावातून बिनधुळीच्या खोलीकडे

मंडळी, आपल्या गावात पांढरा सदरा घालतो तो एकतर पाहुणा असतो, नाहीतर पुढारी. बाकी आपण सगळे हळदीच्या गिरण्यांच्या पिवळ्या धुरळ्यात जन्म काढलेली माणसं. अशा गावाने मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या कंपनीला आवतण द्यावं, या कल्पनेलाच ग्रामसभेत निम्मे लोक हसले होते. उरलेले म्हणाले, लहान गावांनी अशा कंपन्यांसाठी सोय उभी करावी म्हणून सरकार अनुदान देतंय, तर अर्ज करायला काय हरकत आहे? शेवटी ठरलं की पनवेलजवळच्या करंजखारने हे अनुदान घेतलंय, ते कुणीतरी बघून यावं आणि मग गावाने हो किंवा नाही म्हणावं. मी निवृत्त माणूस, आणि प्रवासाचं नाव काढलं की एका पायावर तयार. पाहुण्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून पिशवीत घरच्या हळदीचा पुडा टाकला आणि एसटीत बसलो.

पनवेलच्या स्टँडवर उतरलो तेव्हा चैत्राचं ऊन चांगलंच तापलं होतं. चहा घेतला आणि रिक्षावाल्याला करंजखार म्हटलं. तो मागे वळून म्हणाला, "त्या काचेच्या खोलीकडे का, चाचा? माझी मुलगी तिथेच शिकतेय. इन्शाल्ला कंपनी आली, तर तिला नोकरीसाठी पहाटेची बस पकडून लांब जावं लागणार नाही." कळंबोलीच्या लोखंड बाजारातून जाताना दोन्ही बाजूंना सळ्यांनी लादलेले ट्रक होते. तळोज्याच्या रासायनिक कारखान्यांच्या बाजूला नाकाला रुमाल लागला. अशा मुलखात चिपच्या कामाला लागते ती बिनधुळीची खोली! माझी तर उत्सुकता शिगेला पोचली होती.

सरपंच दर्शनाताई वेशीवरच भेटल्या. तिशीतल्या, बोलायला तडफदार. अनुदानातून गावाने शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं होतं, वीज न जाण्याची सोय केली होती आणि शाळेमागे चिपचं काम शिकवायची ती काचेची, बिनधुळीची खोली बांधली होती. "उद्या कंपनीचे लोक बघायला येतायत," त्या म्हणाल्या. "त्यांना पसंत पडलं तर शेजारच्या जागेवर कारखाना. नाही पडलं, तर आमचे सदस्य म्हणतात, या खोलीचा लग्नाचा हॉल करू."

खोली सांभाळतात रूथ मॅडम. कोकणातल्या मराठी ज्यू कुटुंबातल्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या इंजिनिअर. भाऊबंद कधीच इस्रायलला गेले, बाई मात्र पनवेल सोडायला तयार नाहीत. मी मोठ्या कौतुकाने हळदीचा पुडा पुढे केला, तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. "हे लांब ठेवा, काका. चिपवरच्या तारा केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. तुमच्या हळदीचा एक कण तिथे दरड कोसळल्यासारखा पडेल." तरी मला पांढरा झगा, टोपी, मोजे चढवून त्यांनी दारापर्यंत नेलं. दाराआधी एक अरुंद खोली आहे, तिथे चारी बाजूंनी वारा अंगावर येतो आणि धूळ झाडून काढतो. वारा थांबला आणि भिंतीवरचा हिरवा दिवा तांबडा झाला, म्हणजे अंगावर अजून कण होते. मी नखं पाहिली, पिवळी. "अंघोळ केली होती हो," मी म्हणालो. "तुमची हळद अंघोळीने जायची नाही," असं म्हणून मॅडमनी मला परत पाठवलं. मी काचेबाहेरून पाहिलं. आत पांढऱ्या झग्यांतल्या मुली सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. काय सांगू, मला आपल्या गावच्या पोरी दिसायला लागल्या तिथे.

संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवताना खरा घोळ कळला. दुसऱ्या दिवशी गावदेवीची जत्रा होती. इकडे पाहुणा बोलवायचा तर जत्रेलाच बोलवतात, म्हणून दर्शनाताईंनी मोठ्या मानाने कंपनीला तीच तारीख दिली होती. गुलालाची आठवण कुणालाच राहिली नव्हती! वर रीत अशी, की वर्षभरात गावात जी नवी वास्तू झाली तिच्या आत देवीची पालखी जायलाच हवी.

काळूराम भगत, म्हणजे देवीचे पुजारी, ओट्यावर बिडी ओढत बसले होते. दर्शनाताई म्हणाल्या, "बाबा, उद्या पालखी त्या खोलीत नको नेऊया."

"आमी नाय ऐकणार," भगत शांतपणे म्हणाले. "गावान नवी वास्तू झाली का देवी आत जाते. देवीला भायेर ठेवून तुमचे कारखान्याचं भलं व्हनार हाय का?"

दर्शनाताईंचा चेहरा उतरला. गावाला दुखवावं तर गाव तुटतं, आणि दिवा तांबडा झाला तर कंपनी जाते. तेव्हा रूथ मॅडमनी विचारलं, "पालखी लाकडाची, तिला झालर. पण देवीचा मुखवटा चांदीचा आहे ना? नुसता मुखवटा आणला तर?"

भगतांनी बराच विचार केला. "मुखवटा मीच उचलतो. दुसरा कोनी नाय."

"मग झगा घालावा लागेल. आणि बिडी आत्तापासून बंद. ओढणाऱ्याच्या श्वासातूनसुद्धा कण येतात."

भगतांनी बिडीकडे पाहिलं आणि ती ओट्यावर विझवली. "देवीसाठी सोडली," ते म्हणाले. "तुमचेसाठी नाय."

दुसऱ्या दिवशी ढोलताशांत पालखी निघाली. सगळं गाव गुलालाने लाल. पण शाळेच्या कोपऱ्यावर दर्शनाताईंनी हात वर केला आणि गुलाल तिथेच थांबला. ढोल थांबले. कंपनीच्या अधिकारी बाई काचेजवळ उभ्या होत्या आणि काय चाललंय ते त्यांना कुणी धड सांगत नव्हतं. हातपाय धुऊन, झगा, टोपी, तोंडाला पट्टी अशा थाटात काळूराम भगत मागच्या दाराने आले. मॅडमनी धुऊन पुसलेला मुखवटा त्यांच्या मोजे घातलेल्या हातांवर ठेवला. ते वाऱ्याच्या खोलीत शिरले. झगा फडफडला. माझे डोळे दिव्यावर, दर्शनाताईंचे डोळे मिटलेले. कोपऱ्यावर तो रिक्षावाला रिक्षा बंद करून उभा होता.

दिवा हिरवाच राहिला.

भगतांनी मुखवटा खोलीभर फिरवला, प्रत्येक टेबलापुढे थांबवला. मुलींनी झग्यांतूनच हात जोडले. मला भरून आलं, लपवण्यात काय अर्थ आहे? अधिकारी बाईंनी खोली, पाणी, वीज सगळं तपासलं. मग कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि रस्त्यावर जिथे गुलाल संपत होता ती रेघ बघत राहिल्या. "यंत्रं आम्ही कुठेही बसवू शकतो," त्या दर्शनाताईंना म्हणाल्या. "ही रेघ आम्हाला आखता येत नाही, ती गावानेच आखावी लागते. जागेची कागदपत्रं पाठवा."

मग काय विचारता! ढोल पुन्हा सुरू झाले. रूथ मॅडमनी डब्यातून मलिदा (गूळ आणि ओलं खोबरं घातलेले पोहे, वर फळांच्या फोडी) वाटला, काम झालं तर करीन असं त्या बोलल्या होत्या. भगतांनी मलिद्याची मूठ खाल्ली आणि लगेच बिडी पेटवली.

परतीच्या एसटीत मी गुलालाने माखलेला होतो. आपल्या स्टँडवर उतरलो तर गिरण्या सुरूच होत्या, छपरं पिवळी, कुत्रीसुद्धा पिवळी. तुम्ही सगळे विचारत होता, आपल्याला जमेल का? आपल्या जत्रेतही पालखी निघते आणि तिच्यावर भंडारा म्हणून हळदच उधळतात. मी एवढंच सांगतो. करंजखारची देवी त्या खोलीत जाऊन आली, आणि मी, शिकला-सवरलेला पाहुणा, बाहेर उभा राहिलो. अर्ज करूया. पण त्याआधी आपला भंडारा कुठल्या कोपऱ्यावर थांबणार, ते ठरवूया. पुढच्या ग्रामसभेला मी येतोय, नखं घासून.